मॅक्रोसाठी आधी स्नूट ठरवा, स्ट्रोब त्यामागून

प्रश्न थोडक्यात असा: ऑलिंपस ई-एम५ मार्क ३, त्याचं पाण्याखाली नेण्याचं हाउसिंग आणि लहान प्राणी अगदी जवळून टिपणारी ६० मिमी मॅक्रो लेन्स एवढी जमवाजमव झाली आहे. आजवर एका जुन्या स्ट्रोबवर, म्हणजे पाण्याखालच्या फ्लॅशवर, मालवण आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडला फोटो काढले, पुढच्या वर्षी इंडोनेशियात लेम्बेहला जायचं आहे. बजेटमध्ये एक मोठा ताकदवान स्ट्रोब बसतो किंवा दोन लहान. काळ्याभोर पार्श्वभूमीवर फक्त प्राण्यापुरता उजेड, असे फोटो हवेत, म्हणून स्नूटही, म्हणजे स्ट्रोबचा उजेड छोट्या ठिपक्यापुरता अरुंद करणारी नळी, घ्यायचा आहे. काय घ्यावं?

आधी स्नूट ठरवा आणि मग त्याच्याशी जुळणारा स्ट्रोब घ्या. बहुतेक जण उलट करतात. मग महागाचा स्नूट कपाटात पडून राहतो, कारण त्या स्ट्रोबवर त्याचा नेमच धरता येत नाही.

ताकदीचा मुद्दा पहिल्यांदा निकालात काढू, कारण दुकानदार बोलायला तिथूनच सुरुवात करतो. खोक्यावर गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, लिहिलेला असतो, तो हवेतला, आयएसओ १०० चा, मीटरमध्ये. इनॉन एस-२००० चा २०, झेड-३३० चा ३३. पाण्यात ढोबळमानाने त्याचा तिसरा हिस्सा धरायचा. म्हणजे २० चे साडेसहा उरले. तुमच्या कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ २००, त्याने ते ९ च्या आसपास जातात. स्ट्रोब प्राण्यापासून २० सेंमीवर असेल, तर ९ भागिले ०.२, म्हणजे एफ/४५ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका मोठा तितकं छिद्र लहान). तुम्ही फोटो काढणार एफ/११ ला. १:२ इतक्या जवळून (सेन्सरवर प्राणी खऱ्या आकाराच्या निम्मा, १:१ ला खऱ्याएवढा) उजेड कमी पोचतो, म्हणून हिशेबाला एफ/१६ धरा. ४५ पासून १६ पर्यंत ३ स्टॉप, आणि एका स्टॉपला उजेड निम्मा किंवा दुप्पट. म्हणजे लहानातला स्ट्रोबसुद्धा आठव्या हिश्शाच्या ताकदीवर काम भागवतो. १:१ ला गेलात तर चौथा हिस्सा लागेल, वर उजेड पसरवणारा डिफ्यूझर चढवला तर अर्धी ताकद. झेड-३३० तुम्हाला त्याहून जेमतेम दीड स्टॉप जास्त देतो. वाइड अँगलला तो दीड स्टॉप सोन्यासारखा आहे, मॅक्रोत तो नुसता हाताला ओझं. रंग उडण्याची भीतीही इथे नाही. पाणी लाल रंग खातं खरं, पण स्ट्रोबपासून प्राण्यापर्यंत आणि तिथून लेन्सपर्यंत मिळून उजेडाचा प्रवास ३०-४० सेंमीचा, तेवढ्यात फारसं काही जात नाही.

स्नूट लावल्यावर गणित थोडं बदलतं. नळी आणि भिंगं उजेड खातात, त्यामुळे अर्धी ते पूर्ण ताकद आणि आयएसओ २०० ते ४०० लागणं नेहमीचंच आहे. तरीसुद्धा स्नूटवाल्याची अडचण सहसा कमी उजेडाची नसते. उजेड भलतीकडे पडतो, ही असते.

म्हणून स्ट्रोब हातात घेतल्यावर पहिली गोष्ट बघायची ती टार्गेट लाइट, म्हणजे स्ट्रोबच्या तोंडातला तो छोटा एलईडी. तो आहे का, आणि असेल तर कुठे आहे? स्नूटमधून फ्लॅशचा ठिपका कुठे पडणार हे फ्लॅश उडेपर्यंत दिसत नाही, ते सांगतो तो टार्गेट लाइट. एस-२००० मध्ये तो नाहीच. लहान, हलका, एरवी गुणी स्ट्रोब, पण त्यावर स्नूट म्हणजे अंधारात दगड. एलईडी असून तोंडाच्या कडेला बसवलेला असेल, तर तो एकीकडे बोट दाखवतो आणि फ्लॅश दुसरीकडे पडतो. प्राण्यावर हिरवट-पांढरा ठिपका अगदी बरोबर दिसतो, बटण दाबलं की फोटो काळा. ठिपका ५-६ मिमी सरकला की १५ मिमीच्या न्यूडिब्रँकचा (रंगीत समुद्री गोगलगाय) अर्धा भाग अंधारात जातो. एलईडी मध्यभागी आणि फ्लॅशची नळी त्याच्याभोवती, ही रचना स्नूटला सर्वांत सोयीची. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. स्नूट लावा, १० सेंमीवर कागद धरा, एलईडीचा ठिपका पेन्सिलीने आखून घ्या आणि त्याच कागदावर फ्लॅश पाडून त्याचा मोबाइलने स्लो-मोशन व्हिडिओ काढा. आखलेला गोल आणि फ्लॅशचा गोल एकमेकांवर बसले पाहिजेत.

बाकीचे गुण त्यानंतरचे. ताकद हाताने कमी-जास्त करायच्या पायऱ्या जितक्या जास्त तितकं बरं, कारण स्नूट लावल्यावर लेन्सचं छिद्र सारखं बदलून चालत नाही. टीटीएलवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेल्या फ्लॅशच्या ताकदीवर, विसंबू नका. फ्रेमचा ८० टक्के भाग काळा असताना कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी पडला, आणि तो प्राण्याला पांढराफटक करून सोडतो. रीसायकल, म्हणजे पुन्हा चार्ज व्हायला लागणारा वेळ, पूर्ण ताकदीवर किती तेही पाहा. कोळंबी तोंड वळवायला ३ सेकंद थांबत नाही.

आता स्नूट. साधी नळी, फायबरचा जुडगा आणि भिंगांचा, असे तीन प्रकार मिळतात. साध्या नळीत उजेड नुसता अडवलेला असतो. फ्लॅशचं तोंड रुंद असल्याने ठिपक्याची कड विरघळलेली येते, आणि फ्लॅशची नळी वर्तुळाकार असेल तर कधीकधी मधोमध काळपट भोक पडतं, मेदूवड्यासारखं. फायबरच्या स्नूटमध्ये काचतंतूंचे एक-दोन लवचिक दांडे असतात. ते वळवून प्राण्याच्या मागे नेता येतात, पण उजेड बराच गळतो आणि प्रवाहात दांडे डोलतात. भिंगांचा, म्हणजे ऑप्टिकल स्नूट, आत भिंगांनी उजेड गोळा करतो आणि मधल्या भोकाची प्रतिमा प्राण्यावर पाडतो. कड धारदार येते, आणि भोकाचं कार्ड बदललं की ठिपक्याचा आकार बदलतो. स्लोव्हेनियाच्या रेट्राचा एलएसडी आणि बॅकस्कॅटरचा ओएस-१ हे या जातीचे, नेहमी दिसणारे. मारेलक्सच्या सॉफ्टमध्ये भोक फिरवून लहान-मोठं करता येतं. एलएसडी घेताना तो तुमच्या स्ट्रोबच्या माउंटचा आहे ना, ते खात्रीने विचारा. ओएस-१ मुळात बॅकस्कॅटरच्याच मिनी फ्लॅश या लहान स्ट्रोबसाठी बनवलेला आहे, बायोनेटच्या खाचांत फिरवून बसतो.

पैसे घालण्याआधी स्नूटची सवय लागते का हे बघायचं असेल, तर नळाच्या सामानाच्या दुकानात जा. पीव्हीसीचे रिड्यूसर, ७५ × ५० आणि पुढे ५० × ३२, एकात एक बसवा. स्ट्रोबच्या तोंडाचा व्यास आधी मोजून न्या, मॉडेलप्रमाणे तो बराच बदलतो. आतून काळा मॅट स्प्रे मारा, चकचकीत काळा नको, तो उजेड परतवतो आणि ठिपक्याभोवती प्रभावळ दिसते. मागच्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की स्ट्रोबवर पकड बसते. भिंतीला ६ मिमीची चार भोकं पाडा. ही भोकं सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळे विसरतात. हवा बाहेर पडली नाही तर आत बुडबुडा अडकतो आणि उजेडाचा चंद्रकोरीसारखा तुकडा कापला जातो. तयार स्नूटमध्येही हेच होतं. पाण्यात उतरल्यावर स्नूटचं तोंड वर करा, दोन टिचक्या मारा आणि बुडबुडे सुटताना डोळ्यांनी बघा.

नेम जुळवणं हे स्नूटचं अर्धं काम आहे, आणि ते बोटीवर किंवा पाण्याखाली करायचं नसतं. घरीच करायचं, पण कोरड्यात नाही. सपाट पोर्टमधून, म्हणजे हाउसिंगच्या लेन्ससमोरच्या काचेतून, पाण्यात बघताना प्राण्याचं पोर्टपासूनचं अंतर हवेपेक्षा साधारण एक तृतीयांशाने वाढतं. टेबलावर जुळवलेला नेम पाण्यात गेला की घसरतो तो यामुळे, आणि माणूस उगाच स्ट्रोबच्या दांड्याच्या क्लॅम्पला दोष देत बसतो. मोठा टब घ्या, बाथरूमचा दिवा मालवा. लेन्सचा फोकस १:२ वर आणून तिथेच रोखा, ऑटोफोकस बंद. तळाशी रुपयाचं नाणं ठेवा. १:२ ला तुमच्या फ्रेममध्ये साधारण ३५ × २६ मिमी जागा मावते, नाणं त्यात बसतं. हाउसिंग पुढे-मागे हलवून नाणं स्पष्ट करा आणि हाउसिंगला काहीतरी टेकू द्या. आता स्ट्रोबला हाउसिंगशी जोडणारा दांडा वाकवून स्नूट पोर्टच्या वर, बाराच्या काट्यावर आणा. त्याचं टोक नाण्यापासून ८ ते १० सेंमी, तोंड जवळजवळ सरळ खाली. टार्गेट लाइटचा ठिपका नाण्याच्या मधोमध आला की क्लॅम्प आवळा. चार फोटो काढा आणि ठिपका फ्रेमच्या मध्यावर येतो का ते तपासा.

इथून पुढे दांड्याला हात लावायचा नाही. पाण्याखाली स्नूट प्राण्याकडे वळवत बसायचं नसतं, अख्खा कॅमेरा पुढे-मागे झुलवायचा. नाणं जिथे होतं त्या अंतरावर प्राणी आला की तो एकाच क्षणी फोकसमध्येही येतो आणि ठिपक्यातही. एवढं कळलं की स्नूटची निम्मी कटकट संपते. प्राणी लहान निघाला आणि १:१ ला जायचं असेल तर जुळवणी पुन्हा. म्हणून एका डाइव्हला एकच मॅग्निफिकेशन धरा.

दांड्याचं थोडं. मॅक्रोला प्रत्येक स्ट्रोबसाठी एक इंची बॉलचे ५ इंचांचे दोन तुकडे पुरतात. लांब दांडे स्नूटच्या वजनाने खाली झुकतात. बॉलवरच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, ग्रीस लावायचं नाही, ती घर्षणासाठीच असते. ग्रीस लावल्याने क्लॅम्प कितीही आवळला तरी हळूहळू घसरतो. ग्रीस फक्त बॅटरीच्या झाकणाच्या ओ-रिंगला, तेही बोटांना जेमतेम चकाकी येईल इतकंच. ऑप्टिकल स्नूटने हाउसिंग एका बाजूला कलंडत असेल तर त्या दांड्यावर छोटा फ्लोट लावा, नाहीतर तासाभराने मनगट बोलायला लागतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज साध्या आहेत. मॅन्युअल मोड, शटर १/२००, छिद्र एफ/११, आयएसओ २००. स्ट्रोब बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. निळसर झाक दिसली तर उथळ पाण्यात सूर्याचा उजेड शिरतोय, शटर १/२५० करा. मग स्ट्रोब सुरू करून फक्त त्याची ताकद बदलत जा. एफ/११ ला १:२ वर फोकसमध्ये राहणारी खोली साधारण २ मिमी मिळते आणि १:१ ला जेमतेम पाऊण, म्हणून न्यूडिब्रँकची दोन्ही शिंगं एका पातळीत आणणं हे कोनाचं काम आहे, छिद्राचं नाही. एफ/१६ अडल्या वेळी चालेल. एफ/२२ ला तुमच्या कॅमेऱ्याच्या मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरवर डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं.

हाउसिंगच्या आत कॅमेऱ्यासोबत आलेला छोटा एफएल-एलएम३ फ्लॅश लावा आणि त्याला मॅन्युअल १/६४ वर ठेवा. त्याची चमक फायबर केबलमधून बाहेरच्या स्ट्रोबपर्यंत जाते आणि स्ट्रोब उडतो. तो कॅमेऱ्याच्याच बॅटरीवर चालतो, पूर्ण ताकदीवर ठेवलात तर बॅटरीही जाईल आणि दोन फोटोंमध्ये थांबावं लागेल. १/६४ वर फायबरमधून स्ट्रोब अधूनमधून दगा देत असेल तर १/३२ करा, पण आधी फायबरची टोकं बघा. बहुतेक वेळा केबल सॉकेटमधून २ मिमी बाहेर आलेली असते, किंवा कापलेलं टोक खडबडीत असतं. नव्या ब्लेडने एका झटक्यात सरळ कापा, कात्रीने ते चिरडतं. फायबर मनगटाभोवती घट्ट गुंडाळू नका, कडक वळणावर उजेड गळतो.

स्ट्रोब उडतो, स्क्रीनवर चमकही दिसते, तरी प्रत्येक फोटो काळा येतो, ही तक्रार वारंवार ऐकू येते. कारण प्री-फ्लॅश. कॅमेरा टीटीएलवर राहिला असेल तर मुख्य फ्लॅशच्या आधी तो एक बारीक चमक सोडतो, आणि स्ट्रोब तिलाच मुख्य समजून शटर उघडण्याआधीच उडून मोकळा होतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअल करा आणि स्ट्रोबवर प्री-फ्लॅश ओळखायची सोय बंद करा. दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत. एकच बदललीत तर नवीनच घोटाळा होतो.

फक्त स्नूटवर अख्खी ट्रिप काढू नका. न्यूडिब्रँक, फ्रॉगफिश, खेकडे यांचे चांगले फोटो दोन साध्या स्ट्रोबवरच जास्त येतात. पोर्टच्या दोन्ही बाजूंना, दहा आणि दोनच्या काट्यांवर, तोंड पोर्टच्या काचेच्या रेषेत किंवा किंचित मागे. दोन्हीची ताकद सारखी ठेवू नका, एक बाजू एक स्टॉप खाली. दोन्ही सारख्या ठेवल्या की प्राणी पासपोर्टच्या फोटोसारखा सपाट दिसतो. काळ्या वाळूवर गाळ उडाला असेल तर स्ट्रोब पुढे आणून आत, थोडे स्वतःकडे वळवा. लेन्स आणि प्राणी यांच्यामधलं पाणी उजळत नाही, त्यामुळे कण दिसत नाहीत, आणि प्राण्याच्या कडेला रेषेसारखा उजेड येतो. केसाळ फ्रॉगफिशला हा उजेड फार शोभतो. पारदर्शक कोळंबीला स्नूट मागून, लेन्सच्या थेट समोर न येता थोडा बाजूने द्या. तिच्या शरीरातले रंग उजळतात आणि कडा काचेसारख्या दिसतात.

तुमच्या बाबतीत सांगायचं तर: दोन लहान स्ट्रोब घ्या, त्यातल्या किमान एकाचा टार्गेट लाइट मध्यभागी असावा आणि त्याच्यासाठी ऑप्टिकल स्नूट मिळत असावा. बॅकस्कॅटरचा मिनी फ्लॅश आणि ओएस-१ ही जोडी याच कामासाठी एकमेकांना धरून बनवलेली आहे. स्ट्रोब मुठीएवढा आहे, एका १८६५० लिथियम सेलवर चालतो, आणि ६० मिमी लेन्सच्या लहान हाउसिंगवर त्याचा भार जाणवत नाही. दुसरा कुठलाही साधा लहान स्ट्रोब चालेल, अगदी तुमचा जुनाही, तो कामाचा असेल तर. एक मोठा स्ट्रोब घेणं मला पटत नाही. तो पोर्टच्या शेजारी इतकी जागा खातो की प्राणी वाळूत टेकलेला असेल तर स्ट्रोब आडवा येतो. पुढे वाइड अँगलला वळायचं पक्कं असेल तरच मोठ्याचा विचार करा, आणि मग त्याच्या माउंटचा एलएसडी.

एए सेलवर चालणारा स्ट्रोब असेल तर एनेलूपसारखे रिचार्ज होणारे एनआयएमएच सेल वापरा. अल्कलाइन सेलवर स्ट्रोब पूर्ण ताकदीला पुन्हा चार्ज व्हायला इतका वेळ घेतो की प्राणी जातो. सेलचे संच पेनने क्रमांक घालून वेगळे ठेवा. एक जुना सेल संचात शिरला की तो आधी संपतो आणि बाकीचे त्यातून उलटा करंट ढकलतात. तो गरम होतो, वायू सोडतो, आणि बंद डब्यात वायू साठणं धोक्याचं. डाइव्हनंतर स्ट्रोब गोड्या पाण्यात बुडवून, पूर्ण पुसून, झाकणाची बाजू खाली करूनच ते उघडा. खाऱ्या पाण्याचा एक थेंब सेलच्या पट्टीवर पडला तरी ती हिरवी पडते.

मालवण आणि ग्रँड आयलंडला सराव करताना एक अडचण येईल ती लाटेच्या झुल्याची. पाणी सारखं मागे-पुढे होत राहतं, दृश्यता कमी असते, आणि स्नूटचा १५ मिमी ठिपका अशा झुल्यात प्राण्यावर टिकत नाही. तिथे सर्वांत मोठ्या भोकाचं कार्ड लावा, झुल्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी क्षणभर थबकतं तेव्हा बटण दाबा, आणि वीस फोटोंत एक चांगला आला तर खूश व्हा. पोर्टच्या पुढे धातूची काठी वाळूत टेकवून आधार घेता येतो. प्रवाळावर किंवा दगडावरच्या जिवंत आवरणावर ती टेकवायची नाही. लेम्बेहच्या काळ्या वाळूत हा त्रास खूप कमी आहे, तिथला गाइड प्राणी दाखवून काठीने वाळूवर रेघ मारतो, आणि तुम्हाला शांतपणे नेम धरता येतो. फ्रॉगफिशसारख्या जागच्या न हलणाऱ्या प्राण्याला स्नूटवाला स्ट्रोब छोट्या ट्रायपॉडवर कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवणं, लांब फायबर जोडून, हेही तिथेच जमतं.

पिग्मी सीहॉर्स दिसला तर फ्लॅशची संख्या मोजून ठेवा, गाइड सांगेल तेवढीच. २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात फ्लॅशपेक्षा प्राण्याला हात लावणं आणि जागचं हलवणं त्याला जास्त त्रासदायक ठरलं होतं. म्हणून तोंड वळवलेल्या सीहॉर्सला काठीने फिरवून देणाऱ्या गाइडला नको म्हणा. टार्गेट लाइटलाही प्राणी बुजतात. लाल उजेडाची सोय असेल तर कोळंबी आणि खेकड्यांसाठी आधी लाल लावा आणि नेम पक्का झाल्यावरच पांढरा.

विमानात लिथियम सेल हातातल्या बॅगेतच न्यायचे, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावून. स्नूट चेक-इनमध्ये टाकायचा असेल तर त्याच्या तोंडात मोजा कोंबा. भिंग सैल झालं तर पुन्हा घरी येऊन टबच भरावा लागतो.